उंदीर पडल्यावर

कणगीच्या मागून उंदीर बाहेर आला तेव्हा प्रमोदिनी सुपात तांदूळ निवडत होती. भर दुपार. दुपारच्या वेळी, माणसाच्या देखत, उंदीर असा चालत येत नाही. हा आला, झिंगल्यासारखा स्वतःभोवती दोनदा फिरला, पाण्याच्या घागरीशी जाऊन टेकला आणि तिथंच आडवा झाला. मागचे पाय एकदा ताणले, संपलं. लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या त्या घराच्या माजघरात अंधार इतका दाट होता, की उंदराच्या पोटाचा पांढुरका भाग तेवढा दिसत होता. प्रमोदिनी हातातला खडा तसाच धरून बघत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. तसं काहीतरी आलंही, पण ती भीती नव्हती. तो आनंद होता. कुणीतरी खालून हात घालून उचलावं तसा तो वर आला आणि तिच्या गळ्यापर्यंत येऊन थांबला. घरात उंदीर पडला म्हणजे प्लेग. प्लेग म्हणजे घर सोडायचं, गावाबाहेर मोकळ्या रानात झोपडी घालून राहायचं. ऊन. वारा. आभाळ. तिला स्वतःची शरम वाटली. समोर मरण पडलं होतं आणि हिच्या मनात आभाळ!

एक क्षण तिला वाटलं, चिमट्यानं उचलून परसात फेकून द्यावा, कुणाला सांगू नये. आपण सांगितलं तर या आनंदासाठी सांगितल्यासारखं होईल. मग ती उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन म्हणाली, "माई, उंदीर पडला." सासूबाईंनी वर पाहिलं. शब्द बरोबर होते, आवाज मात्र लग्नाचं आवतण द्यायला आलेल्या बाईसारखा निघाला होता. माई पदरानं हात पुसत उठल्या आणि देवघरातले देव गोळा करू लागल्या.

या घरात ती सात वर्षं होती. बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी सासरी, आता बाविसावं सरत आलेलं. सासरे माधवराव कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. ओटीवर बसत आणि खोकत. त्या खोकल्याला घरात अर्थ होते. एक खोकला म्हणजे चहा, दोन म्हणजे कुणीतरी पाहुणा आलाय, आणि लांबलेला खोकला म्हणजे आत कुणाचा आवाज चढलाय. नवरा, त्र्यंबक, स्टेशनावर तारबाबू. १९१६ साल, युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं, लष्करी गाड्यांना खंड नव्हता, तारांनाही नव्हता. पहाटे जाई, दुपारी येई, जेवून झोपे, पुन्हा कधी रात्रपाळीला जाई. सात वर्षांत दिवसाउजेडी नवराबायको एकमेकांशी जे बोलले असतील ते एका पोस्टकार्डात मावलं असतं. 'पंचा.' 'इथं आहे.' 'ताक?' 'वाढते.' तो वाईट नव्हता. कसा होता हेच तिला माहीत नव्हतं. मूलबाळ झालं नव्हतं, त्याबद्दल शेजारणी हळहळत, माई नवस बोलत, आणि प्रमोदिनी त्या नवसांच्या वेळी खाली मान घालून बसे, जणू ते दुसऱ्याच कुणासाठी होते.

तिसऱ्या दिवशी त्यांची झोपडी वलवणच्या वाटेवर उभी राहिली. झुंबरबाई आणि तिचा नवरा रखमाजी यांचं ते भाताचं खाचर. भात कापून झाला होता, पायाखाली धसकटं टोचत होती. रखमाजीनं बांबूच्या तट्ट्या उभ्या करून वर गवत शाकारलं, झुंबरबाईनं जमीन सारवून दिली. अशा वीसेक झोपड्या ओळीनं झाल्या. सगळा बाजार उठून रानात आला होता. सोनार, शिंपी, दोन वाणी, पोस्टातले कारकून. पलीकडे नव्या धरणाचं पाणी पसरलेलं. सकाळी त्यावर धुकं इतकं असे, की पाणी कुठं आणि आभाळ कुठं ते कळत नसे. त्या धुक्यातून घाट चढून आलेल्या इंजिनाची दमलेली शीळ येई. प्रमोदिनी पहिल्या सकाळी बाहेर आली, गवतावरचं दव तिच्या घोट्यांना लागलं आणि ती तिथंच थांबली. पंधरा वर्षांपूर्वीचं दव. तळेगावच्या माळावरचं.

तेव्हा ती सात वर्षांची ठकू होती आणि तिची बहीण बनू दहा वर्षांची. तळेगावात उंदीर पडले होते आणि त्यांचं घरही माळावर गेलं होतं. शाळा नाही, सोवळं-ओवळं निम्मंच, आईला हाका मारायलाही फुरसत नाही. दोघी दिवसभर उंडारायच्या. बनूला पानाची पिपाणी करता यायची. फुर्र वाजवली की झोपड्यांतली सगळी कुत्री एकदम ओरडायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असं ठकूला कुणी विचारलं असतं, तर तिनं तेच सांगितले असते. म्हणूनच ती कुणाला सांगत नसे. कारण एका संध्याकाळी बनू म्हणाली, माझं डोकं दुखतंय. काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी बनू नव्हती. आई रडता रडता म्हणाली होती, "फार हसत होत्या गं पोरी. दृष्ट लागली." पुढं आई ते विसरूनही गेली असेल. ठकू विसरली नाही. ती प्रमोदिनी झाली, सासरी आली, पण हसू आलं की मनातल्या मनात ती अजून ओठ मिटून घेई, जसं कुणी भरलेलं दुधाचं पातेलं उतू जायच्या आत उतरवतं.

पण झोपडीत उतू जाण्यासारखं रोज काहीतरी घडे. माधवरावांना ओटीच उरली नाही. दोन दिवस ते जांभळीखाली घोंगडीवर बसून खोकले, पण उघड्या रानात खोकला कुठं जाई कुणास ठाऊक, आतपर्यंत पोचेना. तिसऱ्या दिवशी रखमाजी शेजारी बसून दोर वळत होता तो ते पाहत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "आण रे इकडे." पहिला दोर वळताच सुटला. रखमाजी म्हणाला, "आबा, पीळ उलटा बसलाय. कचेरीतला पीळ न्हाई ह्यो." कचेरीत असं कुणी बोललं असतं तर! पण माधवराव हसले, पीळ सोडला आणि पुन्हा धरला. आठवड्याभरात त्यांचा हात बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दोर ओढून दाखवू लागले. माई तर सकाळी उन्हात पाय पसरून बसत. "जन्मात इतकं ऊन खाल्लं नव्हतं गं," त्या म्हणत आणि तोंड उन्हाकडे करून डोळे मिटून घेत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून वय कुठंतरी निघून जाई. प्रमोदिनी चोरून बघत राही.

आणि दुपारी त्र्यंबक येई. प्लेगचा एक नियम होता. गावातून आलेल्यानं झोपडीत तसंच शिरायचं नाही. बाहेर कपडे उतरवायचे, अंघोळ करायची, उतरवलेले कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे, मगच आत. माईंच्यानं कढत पाण्याचं पातेलं ओढ्याकाठच्या उंबरापर्यंत नेववेना. ते काम प्रमोदिनीकडे आलं. म्हणजे रोज तीनच्या सुमाराला, लख्ख उन्हात, कुणाच्या कानावर जाणार नाही इतक्या अंतरावर, नवराबायको समोरासमोर उभी राहू लागली. शिवायचं मात्र नाही. तिनं लांबून पाणी ओतायचं, त्यानं ओणवं होऊन अंगावर घ्यायचं.

पहिले दोन दिवस पाण्याचाच आवाज. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पाणी घेता घेता तो म्हणाला, "आज एका घोड्याची तार होती."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "घोड्याची?"

"कुणा लष्करातल्या साहेबाचा घोडा इथं ठेवलाय, आजारी आहे. साहेबानं मुंबईहून घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला तार केली, घोड्याला बाटलीभर ब्रँडी पाजा. दुपारी त्याला इकडून तार गेली. मीच पाठवली." त्यानं डोळ्यावरचं पाणी निपटलं. "घोडा आहे तसाच. मोतद्दार उठत नाही."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ओठ मिटायच्या आत ते निसटलं होतं. ती हसली, हातातला तांब्या कलंडला, कढत पाणी त्याच्या पायावर पडलं, तो एका पायावर नाचला आणि ती आणखी हसली. तो नाचायचं थांबून तिच्याकडे बघत राहिला. ओल्या केसांतून पाणी गळत होतं.

"हे हसणं आजवर कुठं होतं?"

"मला काय ठाऊक," ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "तुम्ही असलं बोलता ते."

त्या दिवसापासून तो रोज एक तार आणू लागला. खरी किती आणि रचलेली किती, हे तिनं विचारलं नाही. वाटेत त्याची पावलं भरभर पडत आणि उंबराशी आला की आधी चेहरा गंभीर करी. हा माणूस विनोदी होता. सात वर्षं आपण एका विनोदी माणसाला ताक वाढत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, हा विचार तिला भाकरी थापताना येई आणि हात थबके. त्याच्या पाठीवर डाव्या बाजूला तीळ होता. तोही तिनं उजेडात प्रथमच पाहिला. एकदा त्यानं विचारलं, "माहेरी काय म्हणत तुला?" ती म्हणाली, "ठकू." त्यानं ते नाव तोंडात घोळवून पाहिलं, आवळा चघळावा तसं. ती पातेलं घेऊन पळालीच. पण त्या रात्री झोपडीच्या तट्टीतून चांदणं ठिपक्याठिपक्यांनी आत येत असताना तिला बनू आठवली, आणि तिनं हिशेब केल्यासारखं मोजलं: आज आपण किती वेळा हसलो? फार झालं. फार होतंय. आता कुणाचं डोकं दुखणार?

पौषात चौथ्या झोपडीतला शिंपी गेला. यंत्र आणायला गुपचूप बंद दुकानात शिरला होता. दोन दिवसांत आटोपलं. त्यानंतर सरकारी डॉक्टर तंबू घेऊन आला आणि प्लेगची लस टोचायला सुरुवात झाली. माधवरावांनी दोराला गाठ मारत सांगितलं, "पुरुषांनी टोचून घ्यावं. आपल्या घरातल्या बायका परक्यापुढे दंड उघडा करायच्या नाहीत." विषय संपला. घरात असता तर संपलाच असता.

दुपारी उंबराखाली त्र्यंबकनं तार आणली नव्हती. "मी स्टेशनावर मागंच टोचून घेतलंय," तो म्हणाला. "एक दिवस ताप येतो. तू घेशील?"

तू घेशील? प्रमोदिनीला तो प्रश्न ऐकू आला आणि तिनं तो पुन्हा ऐकला. तिच्याबद्दलच्या गोष्टी आजवर ठरत आल्या होत्या. लग्न ठरलं, नाव ठरलं, उपास ठरले. घेशील का, येशील का, असं कुणी विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं तेही तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सांगते." आणि पातेलं घेऊन परत येताना तिला जाणवलं, की आपण नवऱ्याला थांबवून ठेवलंय आणि तो खरंच थांबलाय.

ओढ्यावर झुंबरबाई धुणं आपटत होती. तिला विचारलं, तर तिनं दंडच पुढं केला. "आमी परवाच घेतलं बाई. येक दीस लय कणकण येती, मग काय न्हाई. मरायला कुनाला येळ हाय? हरबरा काढायचा ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनी उन्हात बसलेल्या माईंपुढे जाऊन उभी राहिली. "माई, मी टोचून घ्यायला जाते." माईंनी डोळे उघडले. जांभळीखाली बसलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्यांचं सगळं लक्ष पिळात होतं. माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लुगडं झटकलं. "चल," त्या म्हणाल्या, "एकटीनं कशाला? दंड मलापण आहे."

संध्याकाळपर्यंत दोघी तापानं फणफणल्या. झोपडीत शेजारी शेजारी दोन अंथरुणं. माधवराव दारात आले, खोकायला तोंड उघडलं आणि न खोकताच परत गेले. सकाळी चुलीशी बापलेकांचं कुजबुजणं चालू होतं. "पाणी आधी की तांदूळ?" "कचेरीत कधी शिजवलाय का मी?" मग भात लागल्याचा वास. माई तापातही पुटपुटल्या, "जाळला वाटतं." प्रमोदिनीला हसू येत होतं, पण अंग जड झालं होतं, तट्टीच्या फटींतून येणारे उन्हाचे ठिपके डोळ्यांपुढे मोठे होत, लहान होत. दव, पिपाणी, कुत्री. बनू उशाशी बसून आहे असं वाटलं. बनू, तू मोठी झालीच नाहीस गं. मी तुझ्याहून मोठी झाले. तिनं कूस बदलली, हात वर घेतला आणि काखेत काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं. दुखणारं.

गाठ.

तिनं हात तसाच काखेत दाबून धरला. सगळं लख्ख झालं. हा उंबराखालचा हिशेब होता. घोड्याची तार, मोतद्दार, ठकू हे नाव, सगळ्याची बेरीज होऊन काखेत आली होती. कुणाला सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. सांगितलं की मला इथून हलवतील, आणि तोवर निदान भाताचा वास येतोय, तो चुलीपाशी बोलतोय, ते ऐकत पडावं. पण रडू दाबलं जाईना. त्र्यंबक ओली घडी घेऊन आत आला. दिवसाउजेडी, आई शेजारी असताना, बाहेर बाप असताना, तो तिच्या उशाशी मांडी घालून बसला आणि घडी तिच्या कपाळावर ठेवली. मग त्याला तिचं तोंड दिसलं.

"ठकू, काय झालं?"

"लांब व्हा," ती म्हणाली. "गाठ आलीय."

त्याचा हात कपाळावर तसाच राहिला. बाहेर चुलीशी काहीतरी खाली पडलं. माधवरावांच्या हातातली पळी असेल. मग शेजारच्या अंथरुणातून माईंचा चिडका आवाज आला, "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"सुई कुठल्या दंडाला मारली?"

"डाव्या."

"मग मलाही आलीय की कालपासून!" माईंनी आपला हात वर करून काख दाबून दाखवली. "ही बघ. हरभऱ्याएवढी. झुंबरबाई म्हणाली होती, टोचल्याच्या बाजूला अवधाण येतं, गाठ येते म्हणून. तुला सांगायचं राहिलं, मला वाटलं, माझ्यासारखीच्या म्हाताऱ्या अंगालाच येत असेल." आणि एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि धापेतच त्या हसू लागल्या. त्र्यंबक उठला, तसाच अनवाणी डॉक्टरच्या तंबूकडे धावत गेला, आणि तिथून धावत आला. "खरं आहे! डॉक्टर म्हणतात, पाच दिवसांत जाईल!" दारात माधवराव जळक्या भाताचं पातेलं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मग जेवायला वाढू का?"

ताप उतरल्यावर दोन दिवसांनी, उन्हात बसून, तिनं माईंना बनूची गोष्ट सांगितली. कुणाला प्रथमच. पिपाणीची, कुत्र्यांची, आणि आई काय म्हणाली होती तेही. माईंनी धरणाच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्र्यंबकच्या आधीची माझी तीन गेली. तुला कुणी सांगितलं नसेल. तेव्हा मी या घरात कधी हसले नव्हते गं. खोकल्याला घाबरून असायची. तरी गेली." त्यांनी पदरानं डोळे नाही, उन्हानं घामेजलेला गळा पुसला. "हसण्यानं कुणी मरत नाही. तुझी आई दुःखात बोलली. तू लहान होतीस, तू ते खरं धरलंस." त्या एवढंच बोलल्या. प्रमोदिनीनं त्यांच्या पसरलेल्या पायांवर हात ठेवला आणि दाबू लागली. नमस्कार म्हणून नाही, सेवा म्हणूनही नाही. पाय उन्हानं ऊबदार झाले होते, ते हाताला बरं वाटत होतं.

माघ गेला. झुंबरबाईनं हरभऱ्याचे डहाळे जाळावर भाजून आणले, सगळ्यांनी राखेतले घाटे फोडून खाल्ले. माधवरावांचे ओठ काळे झाले आणि रखमाजीनं त्यांना तसं सांगितलं. पळस फुलले. बाजारात महिनाभर उंदीर पडला नव्हता. दवंडी झाली, घरं धुऊन, चुना लावून लोक परत जाऊ लागले. रोज एक-एक झोपडी मोडे. रांगेत दात पडल्यासारख्या फटी दिसू लागल्या. प्रमोदिनीला त्या माजघराचा अंधार आठवे. पुन्हा 'पंचा', पुन्हा 'ताक'. उंबराखाली त्र्यंबकही गप्प होई. आता गावात भीती नव्हती, अंघोळीचा नियमही सैल झाला होता, तरी दोघंही पातेलं घेऊन तिथं जात. एकदा तो म्हणाला, "घरी गेल्यावर," आणि पुढं बोललाच नाही.

निघायच्या दिवशी रखमाजीची गाडी आली. भांडी चढली, देव चढले, माई पुढं बसल्या. माधवराव वळलेल्या दोरांची वेटोळी स्वतः उचलून ठेवत होते. त्र्यंबक तट्टी सोडायला पुढं झाला. तेवढ्यात प्रमोदिनी सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली. त्यांच्याशी आपणहून ती सात वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज तिला वाटला होता तसा कापला नाही.

"आबा, आम्ही आणखी आठ दिवस इथं राहू का?"

रखमाजीनं बैलांच्या शिंगांकडे बघायला सुरुवात केली. त्र्यंबकचा हात तट्टीच्या गाठीवर थांबला. माधवरावांना खोकला आला. सगळ्यांना ऐकू गेला, तो लांबला आणि थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. गाडीत माई समोरच्या पळसाकडे बघत होत्या, पण त्यांचे कान इकडेच होते.

"घरात चुन्याचा वास असेल अजून," माधवराव शेवटी म्हणाले. "डोळे चुरचुरतील." त्यांनी हातातलं एक वेटोळं गाडीतून परत काढलं आणि झोपडीच्या मेढीला अडकवलं. "हा अर्धा राहिलाय. मी येईन मधेमधे. रखमाजीचा पीळ बघायला." मग ते गाडीत चढले आणि बैलांना स्वतःच "हं" म्हणाले. माईंनी मागं वळून एवढंच सांगितलं, "पीठ डब्यात आहे. तांदूळ पाण्यानंतर!"

गाडी वळणाआड गेली. एवढी मोकळीक कुठं ठेवायची ते दोघांना कळेना. मग तिनं स्वयंपाकाला सुरुवात केली, त्यानं काटक्या आणून दिल्या आणि चुलीपाशीच बसून राहिला. भात झाला, वरण झालं. तिनं सवयीनं एकच पत्रावळ मांडली. त्यानं उठून दुसरी आणली आणि पहिलीच्या समोर ठेवली.

"मी मागाहून बसते," ती म्हणाली.

"कुणाच्या मागाहून? इथं कुणीच नाही."

ती बसली. नवऱ्यासमोर, भर दुपारी, उघड्या दाराशी. नजर कुठं ठेवायची ते कळेना, म्हणून ती भाताकडे बघू लागली. वाफ निघत होती. पळीत वरण घेतलं आणि हात दोन पानांच्या मधोमध अडकला. आधी कुणाला वाढतात? असं कधी घडलंच नव्हतं. तो गंभीर चेहरा करून वाट बघत होता. बाहेर झुंबरबाई बांधावरून जाताना दारातून एकदा आत डोकावली, म्हणाली, "जेवा, जेवा," आणि हसत पुढं गेली.

प्रमोदिनीनं वरण आधी स्वतःच्या पानात वाढलं.